लेकीला नर्सिंगला पाठवताना : रमाबाई रानडे यांच्या आयुष्यातून

बारावीचा निकाल लागला की आमच्या चांदूर रेल्वेत दवाखान्यात येणारे आईवडील तपासणी झाल्यावर हळूच एक प्रश्न विचारतात : मुलीला नर्सिंगला टाकावे का? त्याच्या मागोमाग बाकीचे प्रश्न येतात. अमरावतीला किंवा नागपूरला एकटी कशी राहील? रात्रीची ड्युटी असते, ते बरे दिसते का? पुरुष पेशंटचेही करावे लागते का? लग्नाच्या वेळी कोणी नाव ठेवेल का? कधी विचारणारी मुलगी नसते, सून असते. कडेवर लहान लेकरू असते आणि शिक्षण सुटून बरीच वर्षे झालेली असतात.

हे प्रश्न नवे नाहीत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात हेच प्रश्न, याहून कितीतरी कडक शब्दांत, रमाबाई रानडे यांच्यापुढे आले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून आपण त्यांना ओळखतो. 'उंच माझा झोका' ही मालिका पाहिलेल्यांना त्यांचे बालपण आणि संसार आठवत असेल. त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग, ज्यात त्यांनी मराठी घरांतल्या बायकांना परिचारिका होण्याची वाट करून दिली, तो मात्र फारसा सांगितला जात नाही. आज दवाखान्यात आपल्या पेशंटची नाडी पाहणारी, सलाइन लावणारी, रात्री दोन वाजता उठून ताप मोजणारी सिस्टर ज्या वाटेने तिथे पोहोचते, तिचा एक मोठा टप्पा या बाईंनी बांधला आहे.

त्यांच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. मुलगी हुशार आणि धीट असणे पुरत नाही. राहण्याची सुरक्षित जागा, दोन वेळचे जेवण, पैशाची सोय, मागे राहिलेले शिक्षण भरून काढण्याची संधी आणि पाठीशी उभे राहणारे कोणीतरी, एवढे असेल तर साधी मुलगीही चांगली नर्स होते.

अक्षरओळख नसलेली नवरी

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे या गावचा. माहेरचे आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. मुलींनी लिहू-वाचू नये असे मानणारे घर होते, त्यामुळे अकराव्या वर्षी लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.

लग्न झाले ते १८७३ मध्ये. महादेवराव तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असल्याने त्यांनी विधवेशी लग्न करावे अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे चालले नाही आणि यमुना रमा होऊन रानड्यांच्या घरात आली. महादेवरावांनी लगेच तिच्या शिक्षणाला सुरुवात केली. दिवसभर घरातली कामे आणि रात्री पाटी-पुस्तक असा क्रम सुरू झाला. आधी मराठी, मग इंग्रजी.

घर मोठे होते. त्यात वडीलधाऱ्या बायका होत्या आणि त्यांना हे शिकणे अजिबात पसंत नव्हते. टोमणे, अबोला, वेगळी वागणूक हे सगळे रमाबाईंनी अनेक वर्षे सोसले. पुढे इंग्रजी शिकवायला युरोपियन बाई येऊ लागल्या तेव्हा सोवळ्याओवळ्याचा प्रश्न उभा राहिला. नवरा शिकवणारा, पण दिवसभर तो कोर्टात, आणि घरात मात्र बाकी सगळ्यांचा विरोध, अशी ती कसरत होती. आज लग्नानंतर शिकणाऱ्या कितीतरी सुनांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल.

महादेवरावांच्या बदल्या होत गेल्या. नाशिकला असताना रमाबाई पहिल्यांदा सार्वजनिक कार्यक्रमात बोलल्या, आणि ते भाषण महादेवरावांनी लिहून दिले होते. हळूहळू त्या स्वतः लिहू लागल्या आणि मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत बोलू लागल्या. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला, त्यात त्या सामील झाल्या. १८८४ मध्ये पुण्यात मुलींची हायस्कूल निघाली, जिला आपण हुजूरपागा म्हणतो. तिच्या उभारणीत रानडे पती-पत्नी दोघांचाही वाटा होता. न्यायमूर्ती रानड्यांचा आपल्या भागाशीही संबंध आला. १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या जोडीने झालेल्या सामाजिक परिषदेतले त्यांचे भाषण गाजले होते.

घरातल्या पेशंटची शुश्रूषा

महादेवरावांची प्रकृती शेवटच्या काही वर्षांत ढासळली. हृदयाचा आजार होता. छातीत कळा येत, झोप लागत नसे. रमाबाईंनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे दिवस बारकाईने लिहिले आहेत. पायांना तूप चोळणे, औषधाच्या वेळा सांभाळणे, चेहऱ्याकडे पाहून दुखणे किती आहे ते ओळखणे, हे सगळे त्या करत होत्या. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत महादेवराव गेले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या.

घरातल्या माणसाची दीर्घ आजारात सेवा केलेल्या प्रत्येकाला हे कळेल. शुश्रूषा मायेने होते, पण नुसत्या मायेने होत नाही. नाडी कशी पाहायची, धाप कधी धोक्याची, पेशंटला कुशीवर कसे वळवायचे, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचे, हे शिकावे लागते. घरोघरच्या बायका आजाऱ्यांचे करत होत्या, पण त्यांना ते कोणी शिकवलेले नव्हते आणि त्या कामाला मोलही नव्हते.

पतीच्या निधनानंतर रमाबाई पुण्याला आल्या आणि सुमारे वर्षभर जवळजवळ घरातच राहिल्या. त्या काळच्या विधवेकडून समाजाची तीच अपेक्षा होती. मग त्या बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. दवाखान्यांत फळे, फुले, पुस्तके घेऊन आजाऱ्यांजवळ जाऊन बसू लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या.

त्या काळी नर्स नसणे म्हणजे काय

आज आपल्याला ताप आला तर अँटिबायोटिक आहे, उलट्या-जुलाब झाले तर सलाइन आहे. १९०० च्या आसपास यातले काही हाताशी नव्हते. पेनिसिलिन सर्वसामान्यांपर्यंत पोहोचायला १९४० चे दशक उजाडावे लागले. टायफॉइडचा पेशंट तीन-तीन, चार-चार आठवडे तापात पडून असे. त्याला पाणी किती पाजायचे, पातळ अन्न कधी द्यायचे, अंग कधी पुसायचे, पोटात दुखू लागले तर डॉक्टरला कधी बोलवायचे, यावर तो जगणार की नाही हे बरेचसे ठरत असे. म्हणजे शुश्रूषा हाच मोठा उपचार होता.

बाळंतिणींची अवस्था आणखी वाईट होती. अस्वच्छ हातांमुळे होणारा बाळंतज्वर जीव घेई, आणि पुरुष डॉक्टरला हात लावू द्यायला घर तयार नसे. स्त्रियांवर उपचार करायला स्त्रियाच हव्यात म्हणून १८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या नावाने निधी उभा राहिला. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला आपण आजही डफरीनच म्हणतो, त्या नावामागे हा इतिहास आहे. मुंबईत १८८६ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले. १८९६-९७ मध्ये मुंबई-पुण्यात प्लेग आला, तेव्हा घरोघर होणाऱ्या तपासणीत बायकांचे किती हाल झाले हे सर्वांना माहीत आहे.

मग बायका नर्सिंग शिकायला का येत नव्हत्या? लंडनमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची नर्सिंग शाळा १८६० मध्येच सुरू झाली होती. मुंबईत १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत नावाच्या स्त्रीने प्रशिक्षण घेतल्याची नोंद आहे. पण एकूण परिचारिका मुख्यतः युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि भारतीय ख्रिश्चन होत्या. हिंदू घरांतल्या, विशेषतः वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या बायकांना अडचणींची रांगच होती. कोणत्याही जातीच्या माणसाला शिवायचे, मलमूत्र काढायचे, परक्या पुरुषाला हात लावायचा, रात्र घराबाहेर काढायची, सगळ्यांच्या पंगतीत जेवायचे. आणि या सगळ्याच्या आधी, लिहिता-वाचता यायला हवे. पेशंटचा तक्ता वाचता येत नसेल तर औषध कसे देणार?

दुसरीकडे, लहान वयात विधवा झालेल्या हजारो मुली माहेरी किंवा सासरी राबत होत्या. त्यांच्या हाताला कसब नव्हते आणि जवळ स्वतःचा पैसाही नव्हता.

सेवासदन

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल हे दोन समाजसुधारक एक कल्पना घेऊन रमाबाईंकडे आले. भारतीय स्त्रियांसाठी एक सदन उभारावे, तिथे त्यांना शिकवावे आणि परिचारिका म्हणून तयार करावे, अशी ती कल्पना होती. मुंबईत सेवासदन सुरू झाले आणि रमाबाई त्याच्या अध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात सेवासदनाचे काम उभे राहिले. सुरुवातीला जागा होती रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्याची. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या बरोबरीने कामाला लागले. पैसा जमवणे, सरकारी खात्यांशी बोलणे, हिशेब ठेवणे या कामांत देवधरांची मोठी मदत झाली. १९१५ मध्ये पुणे सेवासदन स्वतंत्र संस्था म्हणून नोंदले गेले.

पुण्यात ससून हॉस्पिटल होते. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८६७ पासून चालू होते. परिचारिकांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण रुग्णालयातच होऊ शकते, वर्गात बसून होत नाही. म्हणून सेवासदनाने आपल्या विद्यार्थिनी ससूनमध्ये शिकायला पाठवायला सुरुवात केली. काही हुशार मुली डॉक्टरी शिकायलाही गेल्या.

एका वाक्यात सांगितले तर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मुलगी आणि वॉर्ड यांच्या मध्ये बरेच खड्डे होते आणि ते एकेक करून बुजवावे लागले.

पहिला खड्डा शिक्षणाचा. बहुतेक बायकांना वाचता येत नव्हते. म्हणून सेवासदनात मोठ्या वयाच्या बायकांसाठी प्राथमिक वर्ग चालू होते. पंचवीस वर्षांची बाई पहिलीच्या पुस्तकापासून सुरुवात करू शकत होती आणि त्यात कोणाला लाज वाटायचे कारण नव्हते, कारण शेजारी तिच्याच वयाची दुसरी बसलेली असे. स्वतः लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या रमाबाईंना हे वेगळे सांगावे लागले नसेल.

दुसरा खड्डा राहण्याचा. पुण्याबाहेरून आलेली विधवा कुठे राहणार? सेवासदनाने वसतिगृहे काढली. त्यांत एक वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आणि एक परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्यांसाठी होते. ड्युटीहून परतल्यावर मुलगी ज्या ठिकाणी येते तिथे आपल्या ओळखीच्या, प्रतिष्ठित बाई देखरेख करतात, हे कळल्यावर घरच्यांचा अर्धा विरोध मावळतो. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरातली बाई जबाबदारी घेते आहे, या शब्दाला त्या काळी वजन होते. रमाबाईंनी आपली सगळी पत या कामामागे लावली.

तिसरा खड्डा पैशाचा. संस्थेत येणाऱ्या अनेकींजवळ काहीच नव्हते. त्यांच्या शिक्षणाचा भार देणग्यांतून उचलावा लागे. त्यासाठी रमाबाई दारोदार फिरल्या, सभांमधून बोलल्या. शिवण, हस्तकला असे हाताला काम देणारे वर्गही संस्थेने चालवले.

चौथा आणि सगळ्यात अवघड खड्डा लोकांच्या नजरेचा होता.

सभागृहातले हसू

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभातला प्रसंग प्रसिद्ध आहे. बक्षीस समारंभ चालू होता. केशवपन केलेली, जुन्या पद्धतीने डोक्यावरून पदर घेतलेली एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. गॅलरीत बसलेल्या कॉलेजच्या मुलांनी तिची टर उडवली, हुल्लड केली. रमाबाई समारोपाला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी या मुलांना चांगलेच सुनावले. रूढीने जिचे असे हाल केले तिच्याबद्दल कणव वाटत नसेल तर त्यांना सुशिक्षित कसे म्हणायचे, असा त्यांचा रोख होता. आपल्याही घरात अशी बहीण किंवा आई असू शकते, याची त्यांनी आठवण करून दिली. सभागृह गप्प झाले.

डॉक्टर म्हणून मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या मुलीला पहिल्या वर्षात थकवा येतो तो कामाचा कमी आणि लोकांच्या बोलण्याचा जास्त. अशा वेळी चार लोकांत तिच्या बाजूने बोलणारे एक माणूस लागते. घरातला बाप, भाऊ किंवा सासू हे काम करू शकते.

रमाबाईंनी आपल्या विद्यार्थिनींना लोकांपासून लपवून ठेवले नाही. आषाढी-कार्तिकीच्या वारीत सेवासदनाच्या स्वयंसेविका आळंदीला जात आणि यात्रेकरू बायकांना मदत करत. ज्या समाजाला शिकलेल्या बाईचा धाक वाटत होता, त्याच समाजाच्या वारीत या बाया पाणी देताना, आजाऱ्याला आधार देताना दिसू लागल्या. १९१३ मध्ये गुजरात-काठियावाडात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंनी मदतीचे काम केले. लोकांचे मत सेवा डोळ्यांनी पाहून बदलते, भाषणे ऐकून तितके बदलत नाही.

शेवटची वर्षे

रमाबाईंनी सेवासदनाबरोबरच इतर कामेही अंगावर घेतली. पुण्यात मुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून त्यांनी आवाज उठवला. मुंबई प्रांतात स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठीच्या चळवळीत त्या पुढे होत्या. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचे पुस्तक मराठीतल्या सुरुवातीच्या स्त्री-आत्मचरित्रांत गणले जाते.

१९२४ मध्ये त्या गेल्या. त्या वेळी पुणे सेवासदनाच्या वेगवेगळ्या विभागांत हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. स्वतःच्या वाड्यात सुरू केलेले काम पंधरा वर्षांत इथवर आले होते. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.

आज प्रवेश घ्यायचा असेल तर

वाट आता बांधलेली आहे, पण ती माहीत असायला हवी. मुख्य अभ्यासक्रम तीन आहेत.

एएनएम : दोन वर्षांचा, मुलींसाठी. बारावी कला किंवा विज्ञान शाखेची चालते. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरण, गरोदर मातांची तपासणी अशी कामे करणारी सिस्टर बहुधा हा कोर्स केलेली असते.

जीएनएम : तीन वर्षांचा, मुलामुलींसाठी. बारावीत इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात. विज्ञान शाखा असेल तर अभ्यास सोपा जातो, पण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही दार बंद नाही.

बी.एस्सी. नर्सिंग : चार वर्षांची पदवी. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हवे. राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

वय किमान १७ पूर्ण हवे. एएनएम आणि जीएनएमला वरची मर्यादा साधारण ३५ वर्षांची आहे. लग्न झालेल्या स्त्रियाही प्रवेश घेऊ शकतात, हे अनेक घरांना माहीतच नसते. नियम आणि तारखा दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

कॉलेज निवडताना चार गोष्टी पाहा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता चालू आहे का? प्रत्यक्ष कामासाठी जोडलेले रुग्णालय कोणते आणि तिथे खरोखर पेशंट असतात का? वसतिगृह कुठे आहे आणि रात्रपाळीला मुलींची ने-आण कशी होते? फीमध्ये गणवेश, परीक्षा, मेस धरले आहे की वेगळे? प्रवेश मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला ही कागदपत्रे निकालाची वाट न पाहता तहसीलमधून आधीच काढून ठेवा. शिष्यवृत्तीची माहिती महाडीबीटी पोर्टलवर मिळते.

शिकताना तब्येत कशी सांभाळायची

प्रवेशाआधी एकदा तपासणी करून घ्या. आपल्याकडे तरुण मुलींमध्ये रक्त कमी असणे फार आढळते. हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर उपचार सुरू करा. रक्त कमी असताना आठ-आठ तास वॉर्डात उभे राहणे जड जाते, आणि मुलीला वाटते की आपल्याला हे काम झेपतच नाही.

हिपॅटायटिस बी ची लस घेतली आहे का ते पाहा. तिचे तीन डोस असतात : पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्डात जाण्याआधी सुरुवात झालेली बरी. कांजिण्या आणि गोवर झाले होते का, लस घेतली होती का, हेही डॉक्टरांना सांगा.

सुई टोचली तर घाबरून लपवू नका. जखम दाबून रक्त काढू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच वॉर्ड इन्चार्जला सांगा. एचआयव्हीपासून बचावाची औषधे लागली तर ती जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत.

रात्रपाळीला उपाशीपोटी जाऊ नका. सकाळी परतल्यावर खोलीत अंधार करून, मोबाइल बाजूला ठेवून सलग झोप घ्या. घरच्यांनी दुपारी फोन करून उठवू नये. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला, वजन घटू लागले, संध्याकाळी ताप येऊ लागला तर थुंकीची तपासणी करून घ्या.

आणखी एक. वॉर्डात पहिल्यांदा मृत्यू पाहिल्यावर अनेक मुली हादरतात. झोप लागत नाही, घरी परत यावेसे वाटते. हे कमकुवतपणाचे लक्षण नाही. तिला बोलू द्या. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप, भूक, अभ्यास रुळावर येत नसेल तर डॉक्टरांना भेटवा.

घरच्यांनी लक्षात ठेवावे असे

मुलीला नर्सिंगला पाठवायचे ठरले तर पुढील प्रश्नांची उत्तरे फॉर्म भरण्याआधी घरात बसून ठरवा.

ती कुठे राहणार आणि तिथे अडीअडचणीला कोणाला फोन करणार?

पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च, फी सोडून, कोण उचलणार?

इंग्रजी कच्चे असेल तर कोर्स सुरू होण्याआधीचे दोन-तीन महिने तिला कोण शिकवणार?

सून शिकणार असेल तर लेकराला दिवसभर आणि तिच्या रात्रपाळीला कोण सांभाळणार?

नातेवाईक किंवा शेजारी काही बोलले तर त्यांना उत्तर कोण देणार?

या पाचही प्रश्नांपुढे एकेक नाव लिहिता आले तर मुलीचा कोर्स पूर्ण होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. एखाद्या प्रश्नापुढे जागा रिकामी राहिली, तर प्रवेशाच्या आधीच तिथे माणूस शोधा. रमाबाईंच्या काळी हे सगळे एका संस्थेला करावे लागले. आज बरेचसे घरातल्या घरात होऊ शकते.